प्रश्नोत्तराच्या तासात आपण कुठे?

(द्वारका, नाशिक इथं झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



मला आज लोकसभेच्या कामकाजाविषयी बोलायला सांगितलं आहे. दिल्लीतल्या कामकाजाशी आपला काय संबंध, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. म्हणून एकाच दिवसाचं उदाहरण घेते. दिवस 8 डिसेंबर 2023, शुक्रवार.

7 डिसेंबरच्या अधिसूचनेने केंद्र सरकारने कांद्याची निर्यात 31 मार्च 2024 पर्यंत बंद केली. शुक्रवारी आपल्या जिल्ह्यातल्या बाजारसमित्यांत लिलाव ठप्प झाले. आपण इथं द्वारकेला ज्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला बसलो आहोत, तोच रस्ता शेतकऱ्यांनी चांदवडला अडवला. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचे दिवस. हा कांदा चाळीत टिकत नाही. आज भाव पडला म्हणून दोन महिने थांबू, असं म्हणायची सोयच नाही.

त्या दिवशी लोकसभेचं अधिवेशन चालू होतं. पण दुपारी सभागृहापुढे मोठा विषय होता तो महुआ मोईत्रा यांना खासदारपदावरून काढण्याचा. संसदेत प्रश्न पाठवण्याच्या संकेतस्थळाचा पासवर्ड बाहेरच्या माणसाला दिल्याचा त्यांच्यावर ठपका होता. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. सभागृहात बोलायची संधी त्यांना मिळाली नाही आणि आवाजी मतदानाने त्यांचं सदस्यत्व गेलं. 2024 साली त्या पुन्हा निवडून आल्या. त्या प्रकरणाची बाजू घ्यायला मी उभी नाही. मला दिसलं ते एवढंच, की खासदाराचा एक प्रश्न ही केवढी मोलाची वस्तू आहे! उद्योगपतींना तिची किंमत कळते. आपल्याला कधी कळणार?

त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित झाले. 19 डिसेंबरला निलंबित झालेल्यांत महाराष्ट्रातल्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे होते. खासदार बाहेर गेला की त्याच्या मतदारसंघाचा प्रश्नही बाहेर जातो. लासलगाव, चांदवड, निफाड ज्या दिंडोरी मतदारसंघात येतात, तिथल्या खासदार तेव्हा डॉ. भारती पवार होत्या. बाई खासदार, कांद्याचा मतदारसंघ. पण जुलै 2021 पासून त्या केंद्रात राज्यमंत्री होत्या आणि मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आपला खासदार मंत्री झाला की आपण पेढे वाटतो. त्याच दिवशी आपला एक प्रश्नकर्ता कमी होतो, हे लक्षात घेत नाही.

आता या तासाची रीत सांगते. लोकसभेत सकाळी 11 ते 12 प्रश्नांचा तास असतो. रोज 20 तारांकित प्रश्न यादीत लागतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. 230 अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. प्रश्न निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो. प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो आणि कोणाचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं. प्रश्न 150 शब्दांच्या आत हवा. त्यात आरोप नको, भाषण नको, आणि तो केंद्राच्या अखत्यारीतला हवा. सातबाऱ्यावर बाईचं नाव का लागत नाही, हे विधानसभेत विचारायचं. निर्यात, नाफेडची खरेदी, पीएम-किसान, विधवा पेन्शन हे दिल्लीत विचारायचं. प्रश्न चुकीच्या दारात नेला की तो परत येतो आणि आपण म्हणतो, सरकार ऐकत नाही.

कांद्यावरची जी प्रश्नोत्तरं मी वाचली, त्यांत भाव, साठा, निर्यातशुल्क हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. रोप लावणारी, खुरपणारी, पात कापणारी, खळ्यावर बसून प्रतवारी करणारी बाई त्यांत मला क्वचितच भेटली. त्या डिसेंबरात एका वावरात लाल कांद्याची काढणी होती आणि शेजारी उन्हाळ कांद्याची लागण. दोन्हीकडे बाईच वाकलेली. लिलाव बंद म्हणजे खळं बंद, खळं बंद म्हणजे तिची मजुरी बंद. शेतकऱ्याचं नुकसान निदान क्विंटलमध्ये मोजतात. तिचं कशात मोजायचं? 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं. बाई ही शेतकरी आहे, हे आपल्याच जिल्ह्यात इतक्या वर्षांपूर्वी मांडून झालं आहे. सरकारी उत्तरात मात्र ती अजून उतरायची आहे.

निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, शेवटचं 20 टक्के निर्यातशुल्क 1 एप्रिल 2025 ला गेलं. पण असा निर्णय पुन्हा एका रात्रीत येऊ शकतो. तेव्हा रस्त्यावर बसायचं ते बसूच. पण प्रश्न आधी तयार हवा.

‘कांदा उत्पादक महिलांना न्याय मिळावा’ असं निवेदन दिलं तर ‘सरकार प्रयत्नशील आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारू या: नाफेड आणि एनसीसीएफ यांनी नाशिक जिल्ह्यात खरेदी केलेल्या कांद्याचे पैसे किती खात्यांवर जमा झाले, आणि त्यांतली किती खाती बायकांच्या नावावर आहेत? निर्यातबंदीच्या काळात बुडालेल्या मजुरीची पाहणी सरकारने केली का? केली नसेल तर का नाही? केंद्राच्या विधवा पेन्शनमध्ये 40 ते 79 वयाच्या बाईला केंद्राचा वाटा महिना 300 रुपये 2012 पासून तसाच का आहे? असल्या प्रश्नाला आकडा द्यावा लागतो. आकडा नसेल तर ‘माहिती ठेवली जात नाही’ असं लिहून द्यावं लागतं. तेही आपल्या कामाचं, कारण पुढचं आंदोलन त्या कागदावर उभं राहतं.

काहीजणी म्हणतील, आरक्षण आलं की बायका आपले प्रश्न विचारतीलच. सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी ते विधेयक मंजूर झालं, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली. 2024 च्या निवडणुकीत महाराष्ट्रातून 48 पैकी 7 बायका निवडून आल्या. जागा वाढायलाच हव्यात, त्यासाठी भांडू. पण प्रश्न लिहायला आरक्षणाची वाट कशाला बघायची?

आपला जिल्हा नाशिक, दिंडोरी आणि धुळे अशा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटला आहे. म्हणजे तीन खासदार आहेत. आज उठण्यापूर्वी तीन गटांनी तीन प्रश्न मराठीत लिहायचे, 150 शब्दांच्या आत. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की ते खासदाराच्या कार्यालयात नेऊन द्यायचे आणि पोच घ्यायची. प्रश्न लागला नाही तर पुढच्या अधिवेशनाला पुन्हा द्यायचा. उत्तर आलं तर ते गावातल्या बैठकीत मोठ्याने वाचायचं, खळ्यावरच्या बायकांसमोर.

चला, कागद घ्या.