पाड्याची मोजदाद आणि पाड्याचा रस्ता

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



बियाणे, खते, फवारणी यांविषयी तुम्ही सकाळपासून ऐकत आहात. मी बोलणार आहे ते तुमच्या शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेविषयी. ही वाट पक्की होणे किंवा न होणे हे तुमच्या पाड्यावर किती माणसे मोजली गेली यावर बरेचसे अवलंबून असते.

पेठ, सुरगाणा, अक्कलकुवा, धडगाव या भागांत एका महसुली गावाचे चार-सहा पाडे असतात आणि मध्ये ओहोळ असतात. ओहोळाला पाणी आले की पाडा तुटतो. टोमॅटोचा क्रेट साधारण 20 किलोचा धरा. पन्नास क्रेट माल डोक्यावरून सडकेपर्यंत न्यायचा तर पन्नास खेपा होतात. गाडी शेताजवळ आली तर एकच. दुधाचे तर विचारूच नका, संकलनाची वेळ चुकली की ते दूध घरीच राहिले. आजाऱ्याला डोलीत घालून न्यावे लागते ते वेगळेच. मग शेतकरी नागली-वरईवर थांबतो आणि दिवाळीनंतर घराला कडी लावून द्राक्षबागेत किंवा ऊसतोडीला जातो. त्याला कोणी आळशी म्हणू नये.

आता नियम पाहा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात 500 आणि डोंगरी व आदिवासी क्षेत्रात 250 लोकसंख्येची वस्ती तिच्यात बसते. सुरुवातीला 2001 च्या जनगणनेचा आधार होता. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात देशातील 25,000 वस्त्या जोडावयाच्या आहेत आणि त्यासाठी 2011 ची जनगणना धरली आहे.

अडचण येथेच आहे. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षकाढणीचा आणि ऊसतोडीचा भर. जो माणूस या संपूर्ण काळात बाहेर होता, त्याची नोंद तो जेथे सापडला तेथे झाली, पाड्यावर झाली नाही. पावसाळ्यात 270 माणसे नांदणारा पाडा कागदावर 190 चा ठरतो तो असा. माणसे कमी म्हणून सडक नाही, आणि सडक नाही म्हणून माणसे बाहेर. पुढील जनगणनेसाठीही 1 मार्च 2027 हाच संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे.

यात खोटे काही करावयाचे नाही. एका माणसाची दोन ठिकाणी नोंद होऊ देऊ नये. परंतु 2011 च्या नियमानुसार, नेहमी पाड्यावर राहणारा माणूस त्या मुदतीत थोडे दिवस जरी घरी असला, तरी त्याची नोंद घरीच व्हावयाची होती. तेव्हा कामावर जाताना मुकादमाशी बोलून चार दिवसांची सुट्टी याच काळात मिळते का ते पाहावे. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना कोण केव्हा येणार हे नीट सांगून ठेवावे. प्रगणक बहुधा शाळेतील गुरुजीच असतात. त्यांना एकही झोपडी चुकू न देता सर्व घरे दाखवावीत.

दुसरी गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. पाडा लहान असला तरी जवळचे पाडे एकत्र धरता येतात. सपाटीवर 500 मीटर आणि डोंगराळ भागात पायवाटेने दीड किलोमीटर अंतरातील वस्त्यांची लोकसंख्या मिळवून मोजता येते. तुमचा पाडा 150 चा आणि ओहोळापलीकडचा 120 चा असेल, तर बेरीज 270 होते. मात्र दोन्ही पाड्यांत जुना तंटा असेल तर हा अर्ज कधीच निघत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत पाड्यांची नावे, घरांची संख्या, माणसांची संख्या आणि पायवाटेचे अंतर असा तक्ता वाचून घ्यावा व ठरावास जोडावा. ठरावाची एक प्रत पंचायत समितीत द्यावी. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.