पाण्याखालची परीक्षा
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



महोत्सव समितीने मला 'शाळा आणि जलतरण' असा विषय दिला आहे. तो मी जरा आखूड करून घेतो. नर्मदेच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या मुलांना पाण्याखाली पोहणे कसे शिकवावे आणि शिकवल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी, एवढेच मी बोलणार आहे. त्याला निमित्तही आहे. महोत्सवी क्रीडास्पर्धांच्या पत्रकात 'एका श्वासात पाण्याखाली सर्वाधिक अंतर' अशी एक स्पर्धा छापली आहे. ती वगळावी, अशी माझी समितीला जाहीर विनंती आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा महाराष्ट्रातल्या विहिरींत पोहायला शिकले. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधायचे, वडीलधाऱ्याने कमरेला दोर लावून पाण्यात सोडायचे, आणि काही दिवसांनी भोपळा सुटायचा. शेवटची कसोटी म्हणजे बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. या कसोटीत मोठे शहाणपण होते. मुलाची पाण्याची भीती गेली आहे, डोळे उघडे राहतात, वर कोणते आणि खाली कोणते हे त्याला कळते, या तिन्ही गोष्टी त्या चिमूटभर चिखलाने सिद्ध होत. आणि काठावर बसलेला माणूस एकेक डोके मोजत असे, हेही विसरू नये.

आज तरणतलावात मुले हातपाय मारायला लवकर शिकतात. तोंड पाण्यात घालायला मात्र कचरतात. अपघाताने पाण्यात पडलेले मूल आधी खाली जाते, मग वर येते. त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत नाकात पाणी गेले, डोळे मिटले, दिशा हरपली, की शिकलेले हातपाय कामाला येत नाहीत. म्हणून पाण्याखालचे शिक्षण हे पोहण्याचे शेवटचे टोक नसून पहिली पायरी आहे, असे माझे मत आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नाकाने बुडबुडे सोडावेत. मग पाण्याखाली डोळे उघडून शिक्षकांनी दाखवलेली बोटे मोजावीत. मग तळावरचे कडे उचलावे. त्यानंतर तळाला पाय देऊन वर यावे आणि लगेच पाठीवर वळून तरंगावे. हे शेवटचे वळण सर्वांत मोलाचे, आणि शिकवताना सर्वांत दुर्लक्षित. खोल पाण्याची घाई नको. दीड-दोन मीटरवरच कानावर दाब जाणवू लागतो, आणि सर्दी झालेल्या मुलाला तर बुडी मारूच देऊ नये.

आता परीक्षेकडे वळतो. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पाण्याखाली पोहण्याची शर्यत सेन नदीत झाली होती. गुण देण्याची पद्धत अशी : पाण्याखाली कापलेल्या प्रत्येक मीटरला दोन गुण आणि पाण्याखाली काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण. फ्रान्सचा शार्ल द व्हांदव्हिल ६० मीटर गेला, ६८.४ सेकंद खाली राहिला आणि १८८.४ गुणांनी जिंकला. डेन्मार्कचा पेडर लिकेबर्ग तर ९० सेकंद खाली होता, परंतु अंतर कमी पडल्याने तिसरा आला. ही शर्यत पुढे ऑलिंपिकमध्ये टिकली नाही. थोडक्यात, वर न येणाऱ्याला बक्षीस देणारी ही परीक्षा होती. आपल्या पत्रकातली स्पर्धा तिचीच धाकटी बहीण आहे.

तिच्यात धोका काय, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. श्वास कोंडल्यावर जी असह्य घुसमट होते, ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. प्राणवायू घटल्याची सूचना शरीर फार उशिरा आणि फार क्षीण देते. स्पर्धक मुले काय करतात? बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायूचा साठा वाढल्यासारखा वाटतो. खरे पाहता निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली जाते. मग मुलाला घुसमट जाणवण्याआधीच प्राणवायू संपत येतो आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. अमेरिकेतील आल्बर्ट क्रेग यांनी १९६१ सालीच हे शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले होते. यात सापडतात ते बहुधा चांगले पोहणारे, जिद्दी तरुण. काठावरच्यांना वाटते, पोर अजून दम धरून आहे. आणि टाळ्या चालूच राहतात.

मग परीक्षा घ्यायचीच नाही का? अवश्य घ्यावी, पण निराळी. नेदरलँड्समध्ये गल्लोगल्ली कालवे आहेत आणि मुले त्यांत अंगावरच्या कपड्यांनिशी पडतात. म्हणून तेथील जलतरण प्रमाणपत्रांच्या परीक्षेत कपडे आणि बूट घालूनही पोहावे लागते. पाण्यात एक कापड उभे सोडलेले असते आणि त्याला भोक असते. मुलाने पाण्याखालून त्या भोकातून पार व्हायचे. पहिल्या प्रमाणपत्राला हे अंतर ३ मीटर, दुसऱ्याला ६ आणि तिसऱ्याला ९. अंतर ठरलेले, तेवढे झाले की पुरे. कोण किती वेळ खाली राहिला याची नोंद कोणी ठेवत नाही.

आपल्याकडेही असेच काही करता येईल. शाळेच्या गणवेशात छातीइतक्या पाण्यात उतरावे, पाण्याखालून तीनेक मीटरवरच्या कड्यातून पार व्हावे, वर येऊन पाठीवर एक मिनिट शांत तरंगावे आणि काठावरून फेकलेला दोर धरावा. परीक्षकाच्या हाती घड्याळ असेल ते तरंगण्यापुरते. शेरे दोनच, 'जमले' आणि 'अजून नाही'. बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्यास सक्त मनाई असावी, दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती हवी, आणि बुडी मारणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक डोळस माणूस हवा, ज्याला त्या वेळी दुसरे कोणतेही काम नाही. फोटो काढण्याचेसुद्धा नाही!

आपण महाराष्ट्राबाहेर राहूनही गणेशोत्सव हौसेने करतो; विसर्जनाला मुलांना घाटावर नेतो. भेडाघाटला नाण्यांसाठी पाण्यात उड्या घेणारी पोरे आपली मुले डोळे विस्फारून पाहतात आणि मनात तसेच करण्याचा बेत आखतात. २०२२ या एका वर्षात देशात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांवर आहे. म्हणून दोर फेकण्याचा आणि बुडणाऱ्याला हात न देता काठावरून काठी, धोतर किंवा ओढणी देण्याचा सराव पालकांनीही मुलांबरोबर करावा, अशी माझी सूचना आहे.

समितीने स्पर्धा वगळली, तर त्या दिवशीचा तलावाचा वेळ या परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला द्यावा. मुलींची तुकडी निराळी ठेवायची की एकत्र, हे पालकांनी ठरवावे. पोहणारे आठ-दहा माजी विद्यार्थी निरीक्षक म्हणून लाभले, तर मे महिन्याच्या सुट्टीत पाचवी-सहावीच्या मुलांपासून आरंभ करता येईल. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे माझ्याजवळ द्यावीत. मी दाराशीच थांबतो.