वैद्यकी आणि स्वराज्य : दाजीसाहेब पटवर्धनांच्या चरित्राचा विचार

वऱ्हाडातील राष्ट्रीय चळवळीचा इतिहास प्रामुख्याने वकिलांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व रंगनाथपंत मुधोळकर, यवतमाळचे बापूजी अणे ही त्यातील ठळक नावे पाहिली, की त्याचे कारणही कळते. त्याच काळात रोग्याची नाडी पाहता पाहता चळवळीत उतरलेल्या डॉक्टरांची नोंद मात्र ‘समाजसेवा’ या सोयीच्या सदरात झाली, आणि डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांच्यावर या वर्गवारीने विशेष अन्याय केला आहे.

वैद्यकाचा पेशा आणि राष्ट्रवाद यांचे नाते युरोपात लिथुआनियात सर्वांत स्पष्ट दिसते. रशियन साम्राज्याने तेथे 1864 पासून 1904 पर्यंत रोमन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती, आणि कॅथलिक लिथुआनियन सुशिक्षितांना त्यांच्याच प्रदेशात सरकारी नोकरी सहसा मिळत नसल्याने धर्मगुरुपद, वकिली किंवा वैद्यकी हेच मार्ग त्यांना उरत. मॉस्कोत वैद्यक शिकून बल्गेरियात व्यवसाय करणारे योनास बासानाविचियुस यांनी 1883 मध्ये ‘औश्रा’, म्हणजे ‘पहाट’, हे मासिक सीमेपलीकडच्या प्रशियात छापून घेतले आणि 1918 च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर पुढे सहीही केली. क्षयाने वयाच्या चाळिशीतच गेलेल्या डॉ. विंत्सास कुदिर्का यांचे गीत तर त्या देशाचे राष्ट्रगीत झाले. या दोघांच्या बाबतीत डॉक्टरकीने उपजीविका व स्वायत्तता दिली, परंतु लढ्याचा मुख्य विषय भाषा हाच राहिला. दाजीसाहेबांच्या बाबतीत वैद्यकी हाच लढ्याचा विषय झाला, आणि येथे त्यांचे चरित्र वेगळे पडते.

दाजीसाहेबांचा जन्म 1892 मध्ये जमखंडी भागातील आसंगी येथे झाला. होमिओपॅथीचे शिक्षण कलकत्त्यात घेऊन ते अमरावतीत स्थायिक झाले, वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या व पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेशी त्यांचा निकट संबंध आला, आणि चळवळीत भाग घेऊन त्यांनी कारावासही पत्करला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे 1930 मध्ये खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला, तो हाच काळ होता.

देशाचे स्वातंत्र्य दृष्टिपथात आलेले असताना, 1946 मध्ये, त्यांनी अमरावतीजवळ जगदंबा कुष्ठनिवास, म्हणजेच तपोवन, उभारले. राजकारणातून ही निवृत्ती होती असे म्हणणे वरवरचे ठरेल. ब्रिटिश हिंदुस्थानातील 1898 च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना आणि त्याला आश्रमात डांबण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला होता, आणि सरकारी हुकमाने त्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास किंवा विक्रीसाठी अन्न शिजवण्यास मनाई करता येत असे. असा माणूस परकीय राजवट गेल्याने आपोआप नागरिक होणार नव्हता. कुष्ठरोग्यांसाठीचे काम या भागात नवे नव्हते: वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये त्याचा पाया घातला होता. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय होते. तपोवनात शेतीला आणि उद्योगांना उपचाराइतकेच महत्त्व मिळाले, म्हणजे रोगी हा भिक्षेकरी किंवा कैदी न राहता स्वतःच्या श्रमावर जगणारा रहिवासी ठरला, आणि त्याला तसे ठरवणे ही राजकीय कृतीच होती, मग तिला कोणी पक्षाचे नाव देवो वा न देवो.

औषधांची स्थिती पाहिली तर हा आग्रह अधिक समजतो. कडू कवठाच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने हाच दीर्घकाळ मुख्य उपचार होता. सल्फोन वर्गातील औषधांचा, म्हणजे पुढे सर्वत्र वापरल्या गेलेल्या डॅप्सोनच्या कुळातील द्रव्यांचा, परिणाम 1940 नंतर दिसू लागला, आणि अनेक औषधे एकत्र देण्याची बहुविध उपचारपद्धती तर 1980 नंतरची आहे. रोग बरा होऊनही घर परत घेत नाही, या अनुभवावर कोणत्याही गोळीचा उतारा नव्हता. तेथे वसाहतच लागत होती. भारत सरकारने 1959 मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. त्यांचे निधन 1986 मध्ये झाले. 1898 चा तो कायदा केंद्राच्या कायदेसंग्रहातून काढला गेला, तो त्यानंतर तीस वर्षांनी, 2016 मध्ये.