परदेशी खाऊची वाटणी



वाशीमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. इथून परदेशी जाणं ही आता नवलाई राहिलेली नाही. कुणी हजला जातं, कुणी लुंबिनीला. कुणी कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यात परदेशातली शेती बघून येतं, तर कुणी आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत राहून येते. जाण्याची कारणं निरनिराळी, पण परतीची तारीख जवळ आली की सगळ्यांना घोर एकच, गावाकडं न्यायचं काय?

शहरातल्या माणसाला हे सोपं जातं. तो फ्रिजवर चिकटवायची चुंबकं घेतो, ऑफिसच्या टेबलावर चॉकलेटचा डबा उघडून ठेवतो, की झाला मोकळा. खेड्यात तसं भागत नाही. निघताना आयाबायांनी ओवाळलेलं असतं, गळ्यात हार पडलेले असतात, एखाद्या म्हातारीनं पदराची गाठ सोडून हातावर पैसे ठेवलेले असतात. हे सगळं आल्यावर फेडायचं असतं. "काय आनलं बा माह्यासाठी?" असं विचारणाऱ्याला घरी काही कमी नसतं. इतक्या लांब गेल्यावर याला आपली याद आली होती की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं.

म्हणून माझं मत असं, की गावासाठी आणायची वस्तू वाटता आली पाहिजे.

हे शिकावं हाजी लोकांकडून. हजहून माणूस परतला की त्याच्या घरी दिवसभर भेटणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यात सगळ्या आळ्यांचे लोक असतात. आलेल्याच्या हातावर दोन खजूर आणि छोट्या कपात मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी. हे पाणी प्रवासाच्या बॅगेत भरून आणता येत नाही. त्याचा पाच लिटरचा सीलबंद कॅन वेगळा मिळतो, आणि हज कमिटीमार्फत गेलेल्यांना तो बहुधा इथं उतरल्यावर विमानतळावरच हाती पडतो. आता पाच लिटरमध्ये छोटे कप भरायचे म्हटले तर फार तर शंभर, आणि भेटायला येणारी माणसं त्याहून जास्त. मग घरातली जाणती बाई एका मोठ्या पातेल्यात साधं पाणी घेते आणि त्यात कॅनमधलं थोडं थोडं मिसळत जाते. त्यानं बरकत उणी होत नाही, असं मानतात. खजुराचंही तसंच. मदिनेची काळी अजवा महाग, म्हणून तिचा लहान डबा घरच्यांसाठी, आजाऱ्यासाठी आणि अगदी जवळच्यांसाठी. वाटायला दुसरी, स्वस्तातली. कुणालाही रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा त्यातला मुख्य हिशेब.

जपमाळा आणि नमाजासाठीचे जानमाज मात्र उलटून बघावेत. मक्का-मदिनेच्या दुकानांतल्या या वस्तूंपैकी कितीतरी चीनमधून आलेल्या असतात. श्रद्धेला त्यानं बाधा येत नाही, पण तिथली वस्तू म्हणून घासाघीस करून घेतलेली माळ तिथली नसेल, तर निदान भाव तरी बेतानं द्यावा. जाता जाता एक सांगतो. अराफतच्या मैदानावर यात्रेकरूंना सावली देणारी हजारो झाडं आहेत, आणि ती आहेत आपल्या कडुनिंबाची. आपल्याकडची वस्तू तिकडं कुणी इतकी वाटून ठेवली असेल, असं निघताना कुणाच्या मनातही नसतं.

अमेरिकेहून येणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत बदामाच्या थैल्या हमखास असतात. बदाम कॅलिफोर्नियाचे, चांगले असतात यात वाद नाही. पण कॅलिफोर्नियाच्या बदामाचा अमेरिकेबाहेरचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारतच आहे, आणि तेच बदाम अकोल्याच्या किराणा बाजारात मिळतात. तेवीस किलोच्या बॅगेत चार किलो बदाम भरून आणणं म्हणजे वजनाची नासाडी. आपल्या तालुक्याच्या बाजारात जे मिळतं ते परदेशातून वाहून आणू नये. एके काळी आखातातून येणारा माणूस टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणायचा, कारण तो इथं सहजी मिळत नव्हता, आणि त्यावर गाणी ऐकायला अख्खी गल्ली जमायची. आता टेपरेकॉर्डरचे दिवस गेले. सिंगापूरहून आणलेल्या टायगर बामच्या डब्या मात्र अजून चालतात. दिवसभर निंदण करून कंबर धरलेल्या बाईला त्या चॉकलेटपेक्षा जास्त आवडतात.

आता शेतकरी बांधवांसाठी थोडं सविस्तर. अभ्यासदौऱ्यात दुसऱ्याच्या शेतातलं भरघोस पीक बघितलं की हात शिवशिवतो. दोन बिया खिशात टाकाव्यात, एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी, असं वाटतं. हे करू नका. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाणं, रोपं, कलमं आणायला रीतसर परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सरकारला कागद हवेत म्हणून हा नियम झालेला नाही. आपल्या धुऱ्यावर माजलेलं गाजर गवत बघा. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज त्यानं कुठलं गाव सोडलंय? मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. या पाहुण्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. आपण तर मुद्दाम खिशातून आणायला निघालो!

मग तिकडून रोप कधी आणलंच नाही का कुणी? आणलं की. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या वृक्षाच्या फांद्यांपासून वाढलेला आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या फांद्या आणल्या. अनुराधपूरचा तो वृक्षही मुळात बोधगयेचा. सम्राट अशोकाच्या काळात संघमित्रेनं त्याची फांदी तिकडं नेली होती. वऱ्हाडातून दरवर्षी लाखो माणसं दीक्षाभूमीला जातात आणि त्या झाडाखाली टेकतात. आणलेली वस्तू सर्वांची कशी होते, हे बघायचं तर तिथं जावं.

शेतकऱ्यानं आणायचंच तर एखादं चांगलं सिकेटर आणावं. संत्र्याची, डाळिंबाची छाटणी करायला मजबूत पात्याचं सिकेटर वर्षानुवर्षं कामी येतं, आणि शेजारचाही मागून नेतो, म्हणजे ते वाटलंही जातं. फक्त ते मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलं तर विमानतळाच्या तपासणीत तिथंच ठेवून यावं लागेल.

सोन्याबद्दल थोडक्यात. वर्षभराहून जास्त काळ परदेशात राहून आलेल्या बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्क न भरता आणता येतात. दुबईच्या आठ दिवसांच्या सहलीला ही सवलत लागू नाही. तेव्हा "सगळेच आणतात" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आणि पुस्तकं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. त्यातली बरीचशी भारतात पोचलीच नाहीत. पुढं 1917 मध्ये लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती महायुद्धात बुडवली गेली. तरी त्यांनी पुस्तकं आणणं सोडलं नाही. दादरला राजगृह बांधलं तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. गावातल्या अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करत बसलेली असतात. एखादा मोठा नकाशा किंवा एखादा चांगला शब्दकोश तिथं दिला, तर तो किती हातांतून फिरेल!

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरातलं कुणी यंदा परदेशी निघालं असेल तर यादी निघायच्या आधीच करा. विमानतळावरच्या दुकानात घाईनं केलेली खरेदी महाग पडते आणि निम्मी माणसं विसरली जातात. यादीत पाहुण्यारावळ्यांची आणि पुढाऱ्यांची नावं खाली असू द्या. तुम्ही तिकडं फोटो काढत असताना ज्यानं तुमची गुरं सोडली-बांधली, रात्री मोटार चालू करून पाणी दिलं, त्या सालदाराचं नाव सगळ्यात वर लिहा. आणि त्याची वस्तू त्याला घरी बोलावून देऊ नका, त्याच्या घरी जाऊन द्या.