सोसलेलं सांगताना

अन्याय थांबला म्हणून मनावरचा व्रण लगेच जात नाही. आवाज दबकाच राहतो, चारचौघांत मान आपोआप खाली जाते. लाज वाटायला हवी जुलूम करणाऱ्याला. ती बसते सोसणाऱ्याच्या मानगुटीवर.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रं वाचता वाचता त्या स्वतःच लिहू लागल्या. महारवाड्यातली भूक, अंधश्रद्धा, कोवळ्या सुनांचा सासुरवास. कित्येक वर्षं हे लिखाण त्यांनी घरच्यांपासून लपवलं. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी आग्रह धरला आणि 'जिणं आमुचं' लोकांसमोर आलं. गावानं केलेला छळ त्यात आहेच, पण आपल्याच समाजातल्या पुरुषांचा जाचही त्यांनी झाकला नाही. हे धाडस मला अधिक मोठं वाटतं.

लाज झुगारणारं असं पाऊल त्याआधीही पडलं होतं. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं होतं, जातीची खूण पटवणारी राहणी टाकून द्या. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसणाऱ्या कित्येकींनी ते लगोलग घोट्यापर्यंत नेसलं. तेही एकटीदुकटीनं नव्हे, एकमेकींच्या साथीनं.

तुमच्यापाशी कुणी आपल्या सोसण्याबद्दल बोललं, तर मध्येच 'झालं गेलं विसरा' म्हणू नका. नुसतं ऐका. झोप उडाली असेल, सारखी धडकी भरत असेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक आहे 14416. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.