साखर सारखी, मग पाय वेगळे का?
(सोसायटीच्या आरोग्य शिबिरातील भाषण)

मघाशी एका काकूंनी विचारलं, "आमची दोघांची साखर सारखीच, मग यांच्याच पायांना मुंग्या का?"

काही अंशी अनुवंशिकता. साखर वाढली की मज्जातंतूंतलं ॲल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल बनवतं आणि ते तंतूंना जाचतं. या एन्झाइमच्या जनुकात माणसागणिक बारीक फरक असतात. काहींशी जास्त धोका जोडलेला आढळलाय. अशी जनुकं अनेक, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडाच. म्हणून जनुक-चाचणीवर पैसे घालवू नका, त्यानं आज उपचार बदलत नाहीत.

साखर मात्र आपल्या हातात आहे. डीसीसीटी या १९९३ च्या अभ्यासात टाइप-१ रुग्णांनी ती कसून सांभाळली, तेव्हा मज्जातंतूंचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी घटला. टाइप-२ मध्ये फायदा एवढा मोठा नाही, हेही सांगायलाच हवं.

खरी भीती बधिरपणाची. गच्चीवर अनवाणी गेलात, तळवा भाजला, तरी कळत नाही! म्हणून वर्षातून एकदा १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तपासायचं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेताय? बी-१२ पण बघा. ते कमी झालं तरी मुंग्या येतात.

धागा आणलाय. चपला काढून पुढच्या रांगेपासून या.