शाळा आपली, हिशेबही आपला

(एका खेड्यांतील जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेंत, शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीच्या वेळीं एका उमेदवार मातेनें केलेलें भाषण वाचकांसाठीं येथें देत आहों.)



समितीवर कोणास घ्यावयाचें हें आज आपण ठरविणार आहां. मी उभी आहे. निवडून आल्यास काय करीन हें आधीं सांगणें माझें कर्तव्य आहे. दाणा न दाखवितां पोत्याचा सौदा करणारा व्यापारी आपण बाजारांत उभा करीत नाहीं. मग समितींत तरी कां करावा?

पुष्कळांची समजूत अशी कीं, ही समिती म्हणजे हेडमास्तरांनीं पुढें केलेल्या कागदावर अंगठा उठविण्याची जागा. ही समजूत खोटी आहे. 2009 सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला व 1 एप्रिल 2010 पासून तो अमलांत आला. त्याच्या 21 व्या कलमानें समितींत तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख करणें, आलेला पैसा कसा खर्च झाला हें पाहणें आणि शाळेच्या सुधारणेचा आराखडा तयार करणें हीं कामें कायद्यानेंच आपणांवर सोंपविलीं आहेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

हा हक्क फुकटही मिळालेला नाहीं. 1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें कीं, सरकारच्या तिजोरींत पैसा रयतेच्या घामाचा, आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. सयाजीराव गायकवाडांनीं 1906 सालीं बडोदें संस्थानांत सर्वत्र तें सक्तीचें केलें. शाहूमहाराजांनीं 1917 सालीं करवीरांत तोच कायदा केला व मूल शाळेंत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1923 च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत स्कूल बोर्डें आलीं, आणि 1 मे 1962 पासून हा कारभार जिल्हा परिषदांकडे आला. 1950 च्या घटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांच्या आंत शिक्षण देऊं म्हटलें होतें. त्या वायद्याचा कायदा अमलांत यावयास साठ वर्षें लागलीं ! इतक्या उशिरानें हातीं आलेली वस्तु आपण ओसरीवर टाकून ठेवावी काय ?

आतां माझीं पांच कामें ऐका.

पहिलें काम, वर्गावर शिक्षक. पांचवीपर्यंतच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हें कायद्यानें ठरविलेलें कमींत कमी प्रमाण आहे. रिकाम्या जागा मंजूर जागांच्या शेंकडा दहापेक्षां अधिक असूं नयेत, असेंही 26 वें कलम म्हणतें. दोन जागांपैकीं एक रिकामी राहिली कीं शेंकडा पन्नास झाली ! आणि मग एकच गुरुजी पांच इयत्तांपुढें उभे राहतात. शिवाय 27 व्या कलमानें जनगणना, आपत्ति आणि निवडणूक एवढींच बाहेरचीं कामें शिक्षकास सांगतां येतात. म्हणून गुरुजींस वर्गाबाहेर कोणत्या दिवशीं, कोणाच्या हुकुमानें व कशासाठीं बोलाविलें, हें दर सभेच्या इतिवृत्तांत लिहिलें जाईल. यांत गुरुजींवर दोष नाहीं; हें त्यांच्याच बाजूनें आहे.

दुसरें काम, वाचन. हजेरीपटावर नांव असणें म्हणजे शिकणें नव्हे. दर तीन महिन्यांनीं प्रत्येक मुलानें आपल्या आईबापांसमोर एक पान वाचावें व एक हिशेब करावा. ज्यास जमत नसेल त्यास हिणवूं नये, छडी तर मुळींच लावूं नये. त्यास अधिक शिकवावें. असें अधिक शिकविणें शिक्षकाचें कर्तव्य म्हणून 24 व्या कलमांत लिहिलें आहे.

तिसरें काम, ऊसतोडीस जाणाऱ्यांचीं मुलें. मुकादमाकडून उचल घेतली कीं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, आणि मूलही बैलगाडींत किंवा ट्रॅक्टरवर बसतें. आई फडांत, आणि दहा वर्षांची मुलगी खोपीपाशीं धाकट्यास सांभाळीत ! उन्हाळ्यांत ती परत येते तेव्हां तिचा वर्ग पुढें गेलेला असतो. यावर हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे. मूल गांवींच राहतें व त्याच्या जेवणाची व्यवस्था होते. पण यादी वेळेवर गेली तरच ती सोय मिळते. ती यादी मी दसऱ्यापूर्वीं घरोघर फिरून करीन.

चवथें काम, मुलींची सोय आणि जेवण. मुलींसाठीं वेगळें स्वच्छतागृह कायद्यानें सांगितलें आहे. पण पाण्यावांचून तें असून नसल्यासारखें. थोर झालेली मुलगी त्याच कारणानें घरीं बसते. जेवणाचें धान्य पांचवीपर्यंत दररोज मुलामागें 100 ग्रॅम व सहावी ते आठवीस 150 ग्रॅम ठरलेलें आहे. तें दोन आयांच्या देखत तोललें जाईल. पंगत एकच राहील. जात पाहून ताट वेगळें मांडलेलें मी क्षणभरही खपवून घेणार नाहीं, मग मांडणारा माझ्या भावकीचा असो.

पांचवें काम, हिशेब. किती पैसा आला, कोठें गेला, हें शाळेच्या दारावरील फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें जाईल, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं सभेंत मोठ्यानें वाचलें जाईल.

आणखी एक गोष्ट. 2023 सालीं वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारनें पुढें आणला होता. कागदावर तो काटकसरीचा दिसतो. पण शाळा दूर गेली म्हणजे प्रथम मुलगी घरीं राहते, मग मेंढपाळाचें पोर, मग मजुराचें. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असा आपल्या राज्याचा नियम आहे. आपली शाळा राखावयाची तर तिचा पट आपणच राखला पाहिजे.

येथें कडू बोलावें लागतें. पूर्वी विद्येचें दार दुसऱ्यांनीं बंद केलें म्हणून आपण गाऱ्हाणें केलें, आणि तें खरें होतें. आज आपल्यांतलेच पुढारी शाळा-कॉलेजांचे मालक झाले आहेत. त्यांच्या मोटारी सकाळीं गांवांत येऊन फी देऊं शकणाऱ्यांचीं मुलें भरून नेतात. मागें राहतें तें गरिबाचें मूल आणि गळकें छप्पर. फी घेणारा हात आपल्या जातीचा आहे म्हणून फी हलकी होते काय ? मूल कोठें घालावें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पण ज्यांचीं मुलें येथें आहेत त्यांनीं तरी ही शाळा कोणाच्या दयेवर सोडूं नये.

मी इमारतीचें, संगणकाचें मोठें वचन देत नाहीं. तो पैसा माझ्या हातीं नाहीं. जें कायद्यानें आपलें आहे तें लेखी मागणें, पुन्हां पुन्हां मागणें आणि मिळालेलें सर्वांस दाखविणें, एवढें माझ्या हातीं आहे. माझ्याहून हें काम चांगलें करणारा कोणी असेल तर त्यासच निवडा. मात्र निवडण्यापूर्वीं हीं पांच कामें त्याच्यापुढें मांडा आणि भरसभेंत त्याचें उत्तर घ्या. निवडून दिल्यावरही घरीं बसूं नका. पुढच्या सभेस या, फळा वाचा, आणि चुकेन तेथें मला उभी करून विचारा.